शेजारचं जांभळं

स्वेटर जांभळा होता. बायकोनं चहाचा कप समोर ठेवला, हात मागे घेतला, आणि त्या हातावरची बाही जांभळी होती; फिकट, पण निःसंशय जांभळी. त्यानं कपाला हात लावला नाही. उजवा डोळा तळहातानं झाकला. बाही राखाडी झाली. उजवा उघडून डावा झाकला. बाही पुन्हा जांभळी. गेल्या आठवड्यात उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि काल संध्याकाळी काळा चष्मा उतरवायची परवानगी मिळाली होती. रंग जरा वेगळे वाटतील, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते त्यानं पेशंट ऐकतात तसं ऐकलं होतं, म्हणजे नुसती मान हलवून. घाबरण्यासारखं काही नव्हतं हे खरंच. पण छातीत काहीतरी उडी मारून बसलं होतं, आणि ते भीतीसारखं मुळीच नव्हतं.

"काय झालं? खुपतंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग डोळ्याला हात कशाला? हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?"

"लावत नाहीये. झाकतोय."

"हात न लावता झाकता येतो वाटतं."

त्यानं हात खाली घेतला. सात-आठ वर्षं त्यानं लढवलेला एक मुद्दा कप ठेवता ठेवता निकालात निघाला होता. आणि त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी इतका आनंद होत होता, की त्या आनंदाचाच त्याला संशय आला. तिनं हा स्वेटर विणायला घेतला तेव्हाची गोष्ट. तो सहज, कौतुकानं म्हणाला होता, "राखाडी तुला शोभेल हं." सुया थांबल्या. "राखाडी?" ती म्हणाली. दुसरा एखादा नवरा असता तर बरं बाई, जांभळा म्हणून मोकळा झाला असता. याला ते जमेना, कारण याचा धंदाच प्रकाशाचा. त्यानं आधी स्वयंपाकघरातल्या दिव्यावर संशय घेतला. या दिव्यात निळा प्रकाशच कमी, असं तिला समजावून दिलं आणि दिवा बदलला. मग खिडकी. "इकडे ये, इथला उजेड उत्तरेचा आहे." मग गॅलरी. पण समोरच्या इमारतीची भिंत पिवळी, तिचा रंग परतून अंगावर येतो, म्हणून गच्ची. गच्चीवर नेमके ढग. ढग गेल्यावर पुन्हा गच्ची. अर्धवट विणलेली बाही हातात आणि लोकरीचा गुंडा काखेत घेऊन ती बिचारी त्याच्यामागून घरभर हिंडली. शेवटी गच्चीच्या पायरीवर बसकण मारत म्हणाली, "अहो, जागेत काही नाही. तुमच्या डोळ्यांत आहे." तो हसला होता. त्याच्या धंद्यात जागा, हवा, दिवा, काच आणि यंत्र या सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर मग माणसाच्या डोळ्यावर घेतात, आणि तोवर बहुधा जेवायची वेळ झालेली असते.

आताच सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण एवढी मोठी कबुली चहाच्या घोटाबरोबर कशी द्यायची ते सुचेना. लाजही वाटली. शिवाय सांगितलं असतं तर ती हसली असती, मग तोही हसला असता, आणि सकाळ तिथंच गेली असती. आज मिटिंग होती. आजची चुकवून चालणार नव्हतं.

मोठी दुर्बीण जमिनीवर बांधायची की आकाशात सोडायची, याचा आज निकाल लागायचा होता. पैसा एकाच दुर्बिणीपुरता होता. एकीकडे डोंगरमाथ्यावरची प्रचंड आरशाची दुर्बीण. दुसरीकडे अंतराळात सोडायची, आरसा त्याच्या निम्म्याहूनही लहान, पण डोक्यावर हवेचा एक पदर नाही. समितीत तिघं डोंगराच्या बाजूचे होते आणि तिघं आकाशाच्या. सातवा हा. सातवा म्हणजे डोंगराचाच असं दोन्ही बाजूंचे लोक धरून चालले होते, कारण तो डोंगर यानंच शोधलेला. ऑफिसात त्याला डोंगरकाका म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि त्याला ते आवडतं हे कळल्यावर त्यातली गंमत संपून ते नावच झालं.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. एरवी तो पुस्तक उघडून बसायचा. आज पुस्तक मांडीवर तसंच राहिलं आणि तो गाल टेकून, एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून शहर पाहत बसला. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या. जुन्या डाव्या डोळ्यानं सगळं मध लावल्यासारखं दिसायचं: भिंती उबदार, आकाश शिळं, माणसांचे चेहरे थोडे प्रेमळ. नव्या उजव्या डोळ्यानं शहर आताच धुऊन दोरीवर टाकलेलं. बसच्या धुरात निळसर झाक होती. कबुतराच्या मानेवर जांभळ्याच्या चार तऱ्हा होत्या आणि त्या चारही कबुतर जराही मिरवत नव्हतं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं कायम काळी वाटत आली होती, ती गडद निळी निघाली. त्या दुकानावरून तो वीस वर्षं जात होता. कितीतरी लोक कितीतरी सकाळी हे सगळं पाहत जात असतील आणि कुणी त्याला एका शब्दानं बोललं नव्हतं. बोलणार तरी काय? पाटी निळी आहे हे कुणी कुणाला सांगतं का?

मग नेहमीची शंका आली. आयुष्यभर ती वेळेवर येत गेली होती. माणूस इतका खूश असताना त्यानं मत द्यावं का? स्वेटर हा काही पुरावा नव्हे. उद्या समितीत कुणी विचारलं, काका, तुमचं मत कशावरून बदललं, तर काय सांगणार, बायकोच्या बाहीवरून? मत बदललंय असं तरी कुठं होतं? त्यानं मनातल्या मनात डोंगराची बाजू पुन्हा पहिल्यापासून मांडून पाहिली, आणि मांडता मांडता डोंगरच आठवत बसला.

डोंगर कोरडा होता. त्याची सगळी श्रीमंती त्या कोरडेपणात होती. हवेतली वाफ अवरक्त किरण पिऊन टाकते. म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा, अंगाला ऊब म्हणून कळणारा प्रकाश. पण ही वाफ खालीच रेंगाळते, त्यामुळे पुरेसं उंच चढलं की ती बरीचशी पायाखाली राहते. किती राहते हे सूर्याकडे यंत्र रोखून दिवसभर मोजत बसायचं, हे त्याचं काम. पत्र्याची खोली, तिच्या मागे मापनाचा मनोरा, वाऱ्यानं वाजणारी तार. ओठ फुटायचे, बोटं लोखंडाला चिकटायची, आणि श्वास इतका अपुरा पडायचा की वाक्यं आपोआप लहान व्हायची. त्याच्यासारख्या बुजऱ्या माणसाला ती सोयच होती. बायको फोनवर विचारायची, "हवा कशी आहे?" तो तिला वाफेचा आकडा सांगायचा. ती म्हणायची, "बरं. आणि तुम्ही कसे आहात?" त्याचा आकडा त्याच्याजवळ नसायचा. अगदी माथ्यावर, टोकाच्या जरा खाली, वाऱ्याच्या आडोशाला एक खोबण होती. पाठ टेकून बसलं की ती बरोबर त्याच्या मापाची व्हायची. दुर्बीण झाली की ते टोक सुरुंगानं उडवून सपाट करणार होते. नकाशावर त्यानं स्वतःच सही केली होती आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

पण आजचा वाद अवरक्ताचा नव्हता. तो दुसऱ्या टोकाचा होता, जांभळ्याच्याही पलीकडचा, अतिनील प्रकाशाचा. आपल्या आसपासच्या दीर्घिकांमध्ये, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहांमध्ये, नवे तारे कसे जन्मतात, हा समितीनं निवडलेला प्रश्न. कोवळे, तापलेले तारे सर्वांत जास्त प्रकाशतात ते अतिनीलात. आणि अतिनील अडवतो तो ओझोन, तो वाफेसारखा खाली रेंगाळत नाही. तो सगळ्या डोंगरांच्या वर आहे. डोंगराची बाजू तिथंच हरायची. पण यानंच एक युक्ती काढली होती, आणि गेली दोन वर्षं डोंगर तिच्यावर उभा होता. फार लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश येता येता वाटेत ताणला जातो. निघताना अतिनील असतो, पोहोचेपर्यंत निळा झालेला असतो, आणि निळ्याला ओझोन अडवत नाही. म्हणजे लांबचं अतिनील डोंगरावर आपण होऊन चालत येतं. आणि जवळचं? जवळचं लांबच्यासारखंच असणार, असं त्यानं एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ कशावरून लिहिली, हे तो बस थांबेपर्यंत आठवत राहिला. आठवेना.

मिटिंगची खोली नेहमीसारखी गरम होती. भिंतीशी हीटर, त्याच्यावर पडदा, पडद्यावर प्रकाशचित्रं थरथरतायत. त्याला हसू आलं. डोळ्याच्या दवाखान्यातही असंच झालं होतं. तक्ता वाचताना तो म्हणाला होता, अक्षरं हलतायत. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या, त्यांनी दोनदा डोळ्यात बॅटरी मारली. मग यानं भीतभीत सुचवलं की तक्त्याखाली हीटर आहे, तेवढा बंद करून पाहावा. केला. अक्षरं थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही माझी खोली तपासायला आलात की डोळे दाखवायला?" तेव्हा जागेवरचा संशय खरा ठरला होता. आयुष्यात निदान एकदा.

समितीची पद्धत अशी की आधी सर्वांत लहान बोलायचा आणि सर्वांत मोठा शेवटी, म्हणजे मोठ्यांच्या दबावानं लहानांची मतं वाकणार नाहीत. सर्वांत लहान रॉकेटबाई. त्याची जुनी विद्यार्थिनी. पहिल्यांदा डोंगरावर नेली तेव्हा उंची लागून तिला ओकाऱ्या झाल्या होत्या, आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं तिनं विचारलं होतं, "सर, याच्याही वर जायची काही सोय नाही का?" तिथूनच ती आकाशाच्या बाजूला गेली, असं सगळे म्हणत. ती चांगली बोलली, पण तिचा आवाज आधीच हरलेला होता. तिलाही मतांची मोजणी येत होती. शेवटून दुसरा आरसेवाला बोलायला उठला. हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. आरसे घासण्यात याचं आयुष्य गेलं, बोटांना अजून त्या पावडरीचा वास यायचा, आणि डोंगरावरचा तो अजस्र आरसा हे त्याचं शेवटचं काम होणार होतं.

"लांबचं अतिनील आपल्याकडे आपोआप निळं होऊन येतं," आरसेवाला म्हणाला. "डोंगरकाकांनीच दाखवलंय. मग वर कशाला जायचं? घरपोच मिळतंय ते घ्या की."

"आणि जवळचं?" रॉकेटबाई म्हणाली. तिची पाळी संपली होती, पण ती म्हणालीच.

"जवळचं तसंच असणार. काकांनी लिहिलंय."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणी, खोलीत हीटर चालू असताना, पाण्याचा जग, पेल्यांवरची झाकणं, अध्यक्षांची पेन्सिल हे सगळं जागच्या जागी असताना, ती ओळ त्यानं कशावरून लिहिली हे त्याला कळलं. कशावरूनच नाही. लांबचं दिसत होतं, म्हणून. अब्जावधी वर्षांपलीकडचं जांभळं त्यानं शोधून काढलं होतं, मोजलं होतं, लोकांना दाखवलं होतं. आणि टेबलाच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल अशा अंतरावर, रोज सकाळी कप ठेवणारं जांभळं त्याला राखाडी दिसत होतं. तरी तो जागा बदलत हिंडला होता. आतून काहीतरी गदगदून वर आलं. ते हसू आहे हे कळायला वेळ लागला, आणि ते खोकल्यात लपवायला आणखी थोडा.

"काका, तुमची पाळी," अध्यक्ष म्हणाले. "पाणी हवंय का?"

"नको. मी जरा डोळ्यांबद्दल बोलतो." अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. त्याचा आवाज कापत होता; तो नेहमीच कापायचा, म्हणून तो कमी बोलायचा. "मला गेली काही वर्षं नीट दिसत नव्हतं. मी दर वर्षी चष्मा बदलला. प्रत्येक चष्म्यानं अक्षरं सुधारली, म्हणून मला वाटलं नजर सुधारली. डोंगर हा फार उत्तम चष्मा आहे. हवेनं तारा थरथरतो, ती थरथर आपण वाकणारा आरसा लावून सरळ करू. वाफेच्या वर चढू. जे बिघडून येतं ते दुरुस्त करता येतं. पण जे येतच नाही, ते दुरुस्त कसं करणार? त्याला चष्मा नाही."

"ओझोनचं आम्हाला माहीत आहे, काका," अध्यक्ष म्हणाले.

"मलाही माहीत होतं. पण ते मला आज सकाळी दिसलं." तो थांबला. बाहीचं सांगावं का? नको. ते आधी जिचं तिला सांगायला हवं. "जवळचं लांबच्यासारखं असणार, ही ओळ माझी आहे. ती मी काढून टाकतोय. तिला काही आधार नाही. आपला प्रश्न शेजारच्या दीर्घिकांचा आहे आणि शेजारचं अतिनील कुठल्याच डोंगरावर पोहोचत नाही. प्रश्न अवरक्ताचा असता, तर मला त्या डोंगरावरून कुणी हलवून दाखवावं. तो इतका कोरडा आहे..." इथं त्याला वाफेचे आकडे आठवायला लागले आणि त्यानं स्वतःला आवरलं. "माझं मत वर जाण्याला."

रॉकेटबाई भांडायच्या तयारीनं कागदांचा गठ्ठा घेऊन आली होती. तो तिनं पोटाशी धरला आणि ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. आरसेवाल्याकडे पाहण्याचं त्याला धाडस होईना. हात वर झाले, मोजले गेले, अध्यक्षांनी निकाल सांगितला. आणि आता पस्तावा येईल म्हणून तो वाट पाहत बसला. बसची वाट पाहतात तसा, सावरून. पस्तावा आला नाही. त्याऐवजी डोंगराचं टोक आलं. ते आता कुणी उडवणार नव्हतं. खोबण तशीच राहणार होती, तिच्यात वारा शिरणार होता, आणि कधी पायांनी साथ दिली तर तिथं नुसतं जाऊन बसता येणार होतं, कसलंही यंत्र न घेता.

व्हरांड्यात आरसेवाल्यानं त्याला गाठलं. "माझा आरसा फोडलास की रे तू," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुला मित्र म्हणत होतो."

"वरच्या दुर्बिणीलाही आरसा लागतोच."

"एवढासा." त्यानं हातांनी ताटाएवढं दाखवलं. ते त्या आरशावर अन्याय करणारं होतं.

"एवढासा नाही. आणि अतिनीलाची लाट फार बारीक असते. डोंगरावरचा आरसा जितका गुळगुळीत करणार होतास, तेवढा चालणार नाही. कितीतरी जास्त लागेल. तुला जमेल की नाही, शंकाच आहे."

"जमेल की नाही?" आरसेवाला म्हणाला. त्याच्या बोटांनी नकळत अंगठ्यावर काहीतरी घासायला सुरुवात केली होती. "किती जास्त?" त्यानं आकडा सांगितला. आरसेवाल्यानं एक सणसणीत शिवी हासडली, पण तिच्यातला राग निघून गेलेला होता, आणि तो बोटं चोळत आपल्या खोलीकडे वळला. त्याच्यामागोमाग रॉकेटबाई आली. तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "सर, तुमच्या डोंगराचं वाईट वाटतं हो."

"का? त्याला कुठं काय झालंय?" तो म्हणाला. "तुझा स्कार्फ आवडला. निळा आहे ना?"

"निळाच आहे," ती गोंधळून म्हणाली.

"वाटलंच मला."

परतताना तो बसनं गेला नाही, चालत निघाला. चालताना एक-एक डोळा झाकायचं त्यानं सोडून दिलं. दोन्ही उघडे ठेवले की नव्या डोळ्याचं चित्र आणि जुन्या डोळ्याचं चित्र एकावर एक बसत होतं. नीट जुळत नव्हतं, कडांना थोडी मधाची रेघ राहत होती, तरी त्यातून रस्ता दिसत होता. घराचं दार उघडलं तेव्हा दुपारच्या उन्हानं खोली तापली होती, बायको खिडकीशी भाजी निवडत बसली होती आणि स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता.

"काय झालं मिटिंगचं?" तिनं विचारलं.

"वर जायचं ठरलं."

तिचे हात थांबले. "म्हणजे तुमचा डोंगर?"

"राहिला. आहे तसा." तो खुर्चीजवळ उभा राहिला. दिवसभर वाक्य जुळवत आणलं होतं, त्याला सुरुवात होती, मध्य होता, थोडा विनोदही होता. त्यातलं काही उरलं नाही. "हा स्वेटर," तो म्हणाला, "जांभळा आहे."

तिनं हातातला देठ मोडला. मग मान न उचलता म्हणाली, "कुठल्या दिव्यात?"

"सगळ्या."

"खिडकीत? गच्चीवर? समोरची भिंत पिवळी असताना?"

"हो."

तिनं भाजीची परडी बाजूला ठेवली. उठली, पदराला हात पुसले, आणि एवढ्या उन्हात तो लोकरीचा स्वेटर अंगात घातला, एक बाही, मग दुसरी. गळ्याशी बटण लावलं. मग खोलीच्या मधोमध उभी राहून, हसू ओठांत दाबत, खिडकीकडे आणि मग दिव्याकडे बघत तिनं विचारलं, "सांगा. कुठं उभी राहू?"

"आहेस तिथंच," तो म्हणाला.